कॉम्पॅक्ट फेकायच्या आधी हे करून बघा: रोजच्या साध्या मेकअपचा नीट क्रम

गेल्या महिन्यात माझी मावसबहीण तिचा कॉम्पॅक्ट कचऱ्यात टाकायला निघाली होती. "ताई, हा लागतच नाही गं, नुसती घासत बसते." अर्धाही संपला नव्हता. मी तो खिडकीपाशी नेऊन बघितला तर वर चकचकीत, जरासा काळपट, मेणासारखा थर बसलेला. त्यावर सेलोटेपचा तुकडा हलकाच दाबला आणि उचलला. थर टेपला चिकटून आला आणि खाली अगदी नव्यासारखी मऊ पावडर निघाली. आता तोच कॉम्पॅक्ट ती रोज ऑफिसला लावून जाते.

हे सांगायचं कारण म्हणजे नाक्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये मिळणारं साधं सामान आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप चांगलं काम देतं, पण बहुतेक जणी ते चुकीच्या क्रमाने लावतात, मग दोन तासांत काजळ गालावर, पावडर भुरकट, लिपस्टिकच्या भेगा, आणि दोष सगळा प्रॉडक्टला. मग महागडं काहीतरी आणतात, तेही तसंच लावतात आणि तेही तसंच दिसतं.

सामान एवढंच: मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बीबी क्रीम (चेहऱ्याला हलका रंग देणारं क्रीम), एक लिपस्टिक, कॉम्पॅक्ट, काजळ, हवा असेल तर मस्कारा, शिवाय पेट्रोलियम जेली, टिश्यू आणि कॉटन बड. मधलं थांबणंच पंधरा-वीस मिनिटांचं आहे, लावायचा वेळ वेगळा. थांबायच्या वेळात डबा भरा, केस विंचरा, पण थांबा.

१. आदल्या रात्री: सामान तपासा आणि साफ करा

हा टप्पा सगळ्या जणी सोडतात आणि निम्मा घोटाळा इथेच असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी तारखा. पॅकवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा. उघडल्यापासून तेवढे महिने ती वस्तू वापरायची असा त्याचा अर्थ. एक्स्पायरी वेगळी आणि हे वेगळं. मस्कारा सगळ्यात लवकर खराब होतो, तीन ते सहा महिन्यांत बदलाच. उघडल्याची तारीख मार्करने डबीच्या तळाला लिहून ठेवा, कारण लक्षात राहील असं वाटतं आणि कधीच राहत नाही.

मग वास. लिपस्टिकला जुन्या तेलासारखा खवट वास आला, बीबी क्रीमचं पाणी वेगळं आणि क्रीम वेगळं झालं, काजळाच्या टोकावर पांढुरकं काही दिसलं, तर सरळ टाकून द्या. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे हवेत इतकी ओल असते की बाथरूमच्या शेल्फवर ठेवलेल्या स्पंजला बुरशी धरते. सामान बेडरूमच्या कोरड्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

आता कॉम्पॅक्ट. पफ चेहऱ्यावर फिरतो, चेहऱ्याचं तेल पफला लागतं, तोच पफ परत पावडरवर, आणि रोज असं होऊन पावडरीवर तेलाचा कडक थर बसतो. म्हणून मग पावडर उचललीच जात नाही. सेलोटेप हलक्या हाताने दाबायची आणि एका फटक्यात उचलायची. जोरात दाबली तर पूर्ण वडी निघून येईल. टेप पुरली नाही तर स्वच्छ कोरड्या टूथब्रशने वरवर खरवडा आणि निघालेला भुगा टाकून द्या.

पफ आणि स्पंज बेबी शांपूने किंवा साध्या साबणाने धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळत राहा, मग टॉवेलमध्ये दाबून फॅनखाली रात्रभर वाळवा. पफ आठवड्यातून एकदा धुतला तर तो थर परत बसतच नाही म्हटलं तरी चालेल.

कॉम्पॅक्ट पडून फुटला असेल तरी टाकू नका. तुकडे डबीतच बारीक कुटा, मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून त्याचे थोडे थेंब घाला, ओल्या वाळूइतपत झालं की वर टिश्यू ठेवून वाटीच्या तळाने दाबा आणि रात्रभर उघडं वाळू द्या. गॅसपासून लांब बसून करा, अल्कोहोल पेट घेतं.

सांभाळा: सुकलेल्या मस्काऱ्यात पाणी घालू नका. आतलं प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं, जंतू वाढतात आणि तेच मग डोळ्याला लागतं.

२. नवीन काही घेताना: थोडा वेळ दुकानाबाहेर

सामान घरात असेल तर हा टप्पा सोडा.

लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख बघा. बारक्या वस्तूंवर जागा नसते तेव्हा हे बाहेरच्या खोक्यावर असतं. बाहेरून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर हवा. रेल्वे पुलावर एकदम मोठ्या ब्रँडची लिपस्टिक पन्नास रुपयांना मिळते ना, तिच्यावर यातलं काहीच धड नसतं. स्वस्त घ्या, पण खरं घ्या, कारण हे ओठांवर लागतं आणि पोटात जातं.

शेड मनगटावर बघू नका. मनगट आणि चेहरा यांचा रंग एक नसतो. जबड्याच्या कडेला तीन शेडचे तीन पट्टे ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात या. जो पट्टा दिसेनासा होतो तो तुमचा. लगेच पैसे देऊ नका, पंधरा-वीस मिनिटं भाजी-बिजी घेऊन या, कारण बरीच बेस प्रॉडक्ट्स चेहऱ्याच्या तेलात मिसळून थोडी गडद होतात. आपल्याकडे अजूनही एक शेड उजळ घ्यायची सवय आहे, दुकानदारही तेच सुचवतो आणि त्यानेच चेहरा राखेसारखा दिसतो. तुमचा रंग आहे तो आहे आणि सुंदर आहे, शेड त्याच रंगाची घ्या.

तपासा: घरी आणल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडं लावून दोन दिवस बघा. खाज, लाली, पुरळ काहीही आलं तर चेहऱ्याला लावू नका.

३. चेहरा: धुवा, ओलावा द्या, थांबा

फेसवॉशने चेहरा धुतल्यावर खसाखसा पुसू नका, टिपा. चेहरा जरासा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. तेलकट त्वचा असेल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं जेल पुरतं. "माझा चेहरा आधीच तेलकट आहे, मी काही लावत नाही" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, पण मग नाकाच्या बाजूला कोरड्या पापुद्र्यांवर बीबी क्रीम चिकटतं आणि ठिपके ठिपके दिसतात.

पाच मिनिटं थांबा. मग सनस्क्रीन, तर्जनी आणि मधलं बोट, दोन बोटांच्या लांबीएवढी, चेहऱ्याला आणि मानेला. बीबी क्रीमवर किंवा कॉम्पॅक्टवर एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा) लिहिलंय म्हणून सनस्क्रीन गाळू नका. एसपीएफ मोजतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावून, आणि तेवढी पावडर कोणीही चेहऱ्यावर थापत नाही.

सनस्क्रीननंतर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. इथेच घाई होते आणि मग खोडरबरासारख्या वळ्या सुटतात. खाली ओलं असताना वर दुसरं काही चोळलं की हे होतंच. सनस्क्रीन बदलायच्या आधी वेळ वाढवून बघा, कोरफडीचं जेल खूप लावत असाल तर ते कमी करा, आणि वरचं प्रॉडक्ट चोळण्याऐवजी थापटा.

मॉइश्चरायझर लावतानाच ओठांवर थोडी पेट्रोलियम जेली लावून टाका. ती शेवटी पुसायची आहे.

तपासा: हाताची मागची बाजू गालाला लावा. थंड आणि किंचित चिकट लागलं तर ठीक, ओलं लागलं तर अजून थांबा.

४. बीबी क्रीम: मटारच्या दाण्याएवढं, जास्त नाही

हाताच्या मागच्या बाजूवर मटारच्या दाण्याएवढं घ्या आणि बोटाने जरा फिरवून गरम करा. मग चेहऱ्याच्या मध्यापासून सुरुवात, नाकाच्या बाजूला, हनुवटीला, दोन भुवयांमध्ये, आणि तिथून बाहेर पसरवत न्या. गालांच्या कडेला आणि कपाळाच्या वर जवळजवळ काहीच लागत नाही. पूर्ण चेहऱ्यावर पाच ठिपके देऊन रंगकाम केल्यासारखं फासायचं नाही.

स्पंज वापरत असाल तर नळाखाली पूर्ण भिजवा, तो फुगू द्या, मग घट्ट पिळून वर टिश्यूत परत पिळा. कोरडा स्पंज निम्मं क्रीम पितो. पाणी राहिलेला स्पंज क्रीम पातळ करून ओघळ आणतो. बोटं वापरली तरी चालतात, मी रोज बोटंच वापरते.

डाग दिसत असेल तर पूर्ण चेहऱ्यावर दुसरा थर नको. फक्त डागावर एक टिंब ठेवा, अर्धा मिनिट तसंच राहू द्या आणि कडा बोटाने थापटा, मध्ये हात लावू नका. साध्या बीबी क्रीमनेही डाग बऱ्यापैकी झाकला जातो, मला हे कळलं तेव्हा माझं कन्सीलर ड्रॉवरमध्येच राहायला लागलं.

५. लिपस्टिक गालाला, पण पावडरच्या आधी

ब्लश वेगळा नसला तरी चालतो. रोजच्या वापरातली गुलाबी, विटकरी, कॉफी अशी कुठलीही क्रीमी लिपस्टिक हाताच्या मागे घासा, बोटाने उचला, हसल्यावर गाल वर येतो त्याच्या जरा वर टिंब लावा आणि कानाकडे थापटत न्या. सावळ्या रंगावर फिकट बेबी पिंक पांढुरका दिसतो, विटकरी किंवा बेरीसारखा गडद रंग घेऊन बघा, ट्यूबमध्ये भडक वाटतो पण गालावर अगदी आतून आल्यासारखा दिसतो.

क्रम इथे महत्त्वाचा आहे. क्रीमवर पावडर चालते, पावडरवर क्रीम चालत नाही. कॉम्पॅक्ट लावून झाल्यावर गालाला लिपस्टिक लावायला गेलात तर खालची पावडर गोळा होऊन चट्टे पडणारच.

सांभाळा: लिक्विड मॅट लिपस्टिक गालाला नको, काही सेकंदांत सुकते आणि डाग तिथेच बसतो. आणि डोळ्यांच्या पापणीवर कुठलीच लिपस्टिक लावू नका, ओठांसाठीचे सगळे रंग डोळ्यांजवळ चालतातच असं नाही.

६. कॉम्पॅक्ट: दाबायचा, घासायचा नाही

आधी एक टिश्यू चेहऱ्यावर हलका दाबून जादा तेल टिपून घ्या. मग पफ पावडरवर एकदाच दाबा, हाताच्या मागे झटका, आणि कपाळाचा मध्य, नाक, नाकाच्या बाजू, हनुवटी इथे दाबत दाबत लावा. दाबा, उचला, दाबा, उचला. पफ फिरवला की खालचं बीबी क्रीम सरकतं आणि पट्टे उठतात.

गालांना उरलीसुरली पावडर पुरे. डोळ्यांखाली अगदी कमी, कारण तिथली त्वचा पातळ आणि कोरडी, पावडर बारीक रेषांत बसते आणि दुपारपर्यंत आपण दमलेले दिसतो. पफऐवजी मऊ मोठा ब्रश घेतलात तर तोच कॉम्पॅक्ट आणखी हलका बसतो.

टाल्कम पावडर यात नको. ती पांढरी असते, आपल्या रंगावर भुरी दिसते आणि घाम आला की मानेच्या घडीत रेषा दिसतात.

तपासा: मोबाईलचा फ्लॅश लावून एक फोटो काढा. आरशात सगळं नीट आणि फोटोत चेहरा मानेपेक्षा पांढरा आला, तर पावडर जास्त झालीय किंवा त्या पावडरीवर किंवा सनस्क्रीनवर फ्लॅश परततोय. लग्नाला जायच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी हे बघून ठेवा.

७. काजळ: सगळ्यात जास्त चुका इथे

बहुतेक जणी काजळ "स्मज प्रूफ" लिहिलंय म्हणून घेतात आणि सकाळी आठच्या लोकलमध्ये घामाने उतरलं की शिव्या घालतात. काजळ उतरतं दोन गोष्टींनी, डोळ्यातलं पाणी आणि पापणीखालच्या त्वचेचं तेल. दोन्हींचा बंदोबस्त लावायच्या आधीच करायला हवा. माझं रोजचं काजळ साधं फिरवायचं आहे, तीनशे रुपयांच्या आतलं, आणि खालच्या क्रमाने लावलं की संध्याकाळपर्यंत जागचं हलत नाही.

पहिलं, डोळ्याखाली क्रीम लावलं असेल तर खालच्या पापण्यांच्या मुळाशी टिश्यूचं टोक फिरवा.

दुसरं, स्वच्छ कोरड्या कॉटन बडने पापणीचा ओला काठ अगदी एकदाच टिपा. डोळ्याच्या आत जायचं नाही, घासायचं नाही.

तिसरं, काजळ जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर काढा. जास्त काढलं की मऊ कांडी मोडते. उन्हाळ्यात फारच मऊ झालं असेल तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरू करून आत या, छोट्या छोट्या रेघांनी. आतल्या कोपऱ्याजवळ थोडं आधीच थांबा, तिथे पाणी साचतं आणि काजळ तिथूनच सुटायला लागतं.

चौथं, अर्धा मिनिट वर बघत राहा, डोळे घट्ट मिटू नका. मग दुसरा हात.

पाचवं, आणि हेच सगळ्या जणी विसरतात: बारीक ब्रशने किंवा कॉटन बडने खालच्या पापण्यांच्या बाहेर, त्वचेवर, थोडा कॉम्पॅक्ट दाबा. काळी किंवा तपकिरी आयशॅडो असेल तर पापण्यांच्या मुळाशी तीच दाबा. तेल पावडरीत मुरतं, काजळाला खाली पसरायला वाट राहत नाही.

पापणीच्या काठावर तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात, डोळा कोरडा पडू नये म्हणून त्यातून तेल येत असतं. डोळे चुरचुरत असतील किंवा सारखी रांजणवाडी येत असेल तर काजळ आतल्या काठाला न लावता पापण्यांच्या बाहेरच्या मुळाशी लावा. दिसतं जवळजवळ तसंच. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी लेन्स, मग मेकअप, आणि रात्री आधी लेन्स काढायची, मग मेकअप.

सांभाळा: काजळ कोणाला देऊ नका, कोणाचं घेऊ नका, बहिणीचंसुद्धा नाही. डोळे आलेले असताना वापरलेलं काजळ आणि मस्कारा टाकून द्यायचा. आणि सुट्टा, लेबल नसलेला सुरमा डोळ्यांत घालू नका, लहान मुलांच्या तर अजिबात नाही, त्यात शिसं असू शकतं.

८. मस्कारा आणि भुवया

पटकन सांगते. ट्यूबमध्ये ब्रश वर-खाली पंप करू नका, हवा शिरून मस्कारा सुकतो, फिरवून बाहेर काढा. जादा मस्कारा टिश्यूवर पुसा आणि फक्त वरच्या पापण्यांना एक हात द्या. भुवयांसाठी जुन्या मस्काऱ्याचा ब्रश साबणाने धुऊन वाळवा, त्यावर अगदी किंचित पेट्रोलियम जेली, आणि केस वरच्या दिशेने विंचरा. जेली जास्त झाली तर ती खाली डोळ्यांकडे उतरते, म्हणून खरंच किंचित.

९. ओठ: जेली पुसा, मगच लिपस्टिक

आता मघाशी लावलेली जेली ओल्या कपड्याने गोल गोल पुसून काढा, सालपटं तिच्याबरोबरच निघतात. पूर्ण पुसली पाहिजे, नाहीतर लिपस्टिक घसरते आणि मग तीच लिपस्टिक "टिकत नाही" म्हणून बदनाम होते.

पहिला हात बोटाने दाबून लावा. टिश्यू ओठांत धरून टिपा. टिश्यूचे दोन पदर सुटे करून त्यातला एक पातळ पदर ओठांवर ठेवा आणि वरून ब्रशने थोडी पावडर थापटा. मग दुसरा हात थेट लिपस्टिकने. चहा-डबा झाल्यावरही खालचा रंग राहतो. मॅट लिपस्टिक फार कोरडी वाटत असेल तर दुसऱ्या हातानंतर फक्त खालच्या ओठाच्या मध्ये जेलीचं एक टिंब.

१०. दुपारी: आधी टिपा, मग पावडर

घामावर, तेलावर थेट कॉम्पॅक्ट मारणं ही दुपारची ठरलेली चूक. त्याने लगदा होतो, आणि पफलाही तेल लागून तोच कडक थर परत बसायला सुरुवात होते. आधी टिश्यू दाबा, दहापर्यंत मोजा, उचला. कितीदा तर तेवढ्यानेच चेहरा ठीक होतो. लागलीच तर नाकावर आणि हनुवटीवर पावडर, बाकी नाही. काजळ खाली आलं असेल तर कॉटन बडच्या टोकाला जरासं मॉइश्चरायझर लावून पुसा, कोरड्या बोटाने पुसाल तर काळपटपणा अजून पसरेल.

११. रात्री उतरवणं

खोबरेल तेल काजळ आणि मस्कारा फार छान काढतं. कापसावर दोन थेंब, बंद डोळ्यावर अर्धा मिनिट नुसतं धरा, मग खाली पुसत न्या. घासावं लागत असेल तर तुम्ही पुरेसं थांबला नाहीत. त्यानंतर फेसवॉश हवाच, कारण तेल चेहऱ्यावर राहिलं तर पुळ्या येतात, विशेषतः कपाळावर आणि हनुवटीवर.

नवीन स्वस्त काही आणलं असेल तर वर सांगितलेल्या क्रमात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन-चार दिवस तशीच वापरा, एक दिवस एसीत, एक दिवस उन्हात-गर्दीत. बीबी क्रीम, काजळ आणि लिपस्टिक एकदम नवीन लावलं आणि पुरळ आलं तर कशाने आलं ते कळणारच नाही, आणि चांगली निघालेली वस्तूही उगाच टाकली जाईल.